अंकल स्क्रूजची जुनी कॉमिक्स घरी आणायची तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात सहा आणि दहा वर्षांची दोन मुलं. आईवडिलांनी लहानपणी दूरदर्शनवर हिंदीतून ‘डकटेल्स’ पाहिलेलं. आता त्याच बदकांची जुनी कॉमिक्स पुस्तकरूपात घ्यायची आहेत, सगळ्यांनी मिळून वाचायला. पण ऑनलाइन शोधलं की ढिगाने पुस्तकं समोर येतात, किमती चढ्या, आणि आधी कुठलं घ्यावं तेच कळत नाही. इंग्रजीतलं पुस्तक मुलांना वाचून कसं दाखवायचं, हाही प्रश्न. शिवाय जुन्या कॉमिक्समध्ये आज मुलांच्या हातात देऊ नये असं काही असतं का, ही शंका.

मी मुलांचं वाचनालय चालवतो. ही पुस्तकं आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरतायत, फाटतायत, मी पुन्हा बांधतोय. तेव्हा आधी सरळ उत्तर देतो आणि मग त्यामागचं सांगतो.

मुखपृष्ठावर डोनाल्ड डक किंवा त्याचा गडगंज, चिक्कू मामा स्क्रूज आहे का हे बघू नका, चित्रकार कार्ल बार्क्सचं नाव आहे का ते बघा. सिएटलच्या फँटाग्राफिक्स या प्रकाशन संस्थेने २०११पासून बार्क्सच्या कॉमिक्सची पक्क्या पुठ्ठ्यातली मालिका काढली आहे. त्यातलं ‘लॉस्ट इन द अँडीज’ किंवा ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ यांपैकी एक घ्या. दोन्ही एकदम नकोत. एक घरात चार-सहा महिने लोळू द्या, मग दुसऱ्याचं बघू.

आता हे नाव एवढं का. डिस्नेच्या कॉमिक्सवर कित्येक दशकं काढणाऱ्याचं नाव छापलंच जात नसे. सगळ्यांवर वॉल्ट डिस्ने एवढंच. अमेरिकेत १९५०च्या सुमारास ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ हे मासिक महिन्याला तीस लाखांच्या घरात खपायचं. त्यातली डोनाल्डची दहा पानं वाचणाऱ्या मुलांना इतकंच कळायचं की यातला एक चित्रकार बाकीच्यांपेक्षा भारी आहे. नाव माहीत नाही म्हणून ती त्याला ‘चांगला बदकवाला’ म्हणायची. १९६०मध्ये काही चाहत्यांनी चिकाटीने पत्रं लिहून त्याचा पत्ता काढला, तोवर माणूस साठीला आला होता. १९६६मध्ये तो निवृत्तच झाला. पानामागे ठरलेले पैसे मिळायचे, बस. रॉयल्टी नाही, मूळ चित्रं परत नाहीत.

हे आज तुमच्या खरेदीला लागू पडतं ते असं. ‘डोनाल्ड डकच्या धमाल गोष्टी’ छापाच्या जाडजूड स्वस्त पुस्तकात वीस जणांचं काम एकत्र कोंबलेलं असतं. त्यात दोन गोष्टी फक्कड आणि बाकीच्या पाणचट. मुलं पहिल्या तीन गोष्टींत कंटाळली की पुस्तक कपाटावर जातं, आणि पालक म्हणतात, हल्लीची मुलं वाचतच नाहीत. चित्रकाराप्रमाणे केलेल्या संग्रहात हा धोका बराच कमी होतो.

बार्क्सचा जन्म १९०१चा, ऑरेगनमधल्या एका शेतावरचा. पडतील ती कामं करत तो १९३५मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत शिरला, तिथे डोनाल्डच्या कार्टूनपटांसाठी विनोद रचायला लागला आणि १९४२मध्ये कंटाळून बाहेर पडला. बेत होता दक्षिण कॅलिफोर्नियात कोंबड्या पाळायचा. जोडधंदा म्हणून कॉमिक्स काढायला घेतली आणि पुढची वीसेक वर्षं तेच चाललं. गोष्ट त्याची, चित्रं त्याची. पुढे अक्षरं आणि मागची झाडं-डोंगर यांच्या शाईकामात बायकोचा, गॅरेचा, हात असायचा. सुमारे ५०० गोष्टी, सहा हजारांवर पानं. स्क्रूज मॅकडक हे पात्र त्यानेच १९४७मध्ये जन्माला घातलं. नशीबवान ग्लॅडस्टोन, चोरांची बीगल बॉइज टोळी, विक्षिप्त संशोधक गायरो, जादूगारीण मॅजिका, हीसुद्धा त्याचीच.

आता ‘लॉस्ट इन द अँडीज’बद्दल जरा निवांत बोलू, कारण मी पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक घराला हेच हातात देतो. फँटाग्राफिक्सनेही मालिका याच खंडाने सुरू केली, खरं तर तो सातवा. खंडांचे क्रमांक बार्क्सने गोष्टी काढल्या त्या क्रमाने आहेत, पण पुस्तकं बाजारात मागेपुढे आली. त्यामुळे ‘पहिला भाग आधी’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही. सुरुवातीच्या खंडांत हात अजून बसलेला नाही. ते शेवटी घ्या, किंवा घेऊच नका.

गोष्ट १९४९ची, ३२ पानांची. डोनाल्ड एका संग्रहालयात झाडूवाला आहे, तोही तिसरा दुय्यम झाडूवाला. काम काय, तर दगडांवरची धूळ झटकणं. पेरूहून आलेला एक चौकोनी दगड हातातून पडतो आणि फुटतो, तर ते अंडं! सगळे विद्वान धावत येतात. चौकोनी अंड्याची कोंबडी शोधायला मोहीम निघते. बोटीवर संग्रहालयातल्या तशाच काही अंड्यांचं ऑम्लेट होतं. मोहिमेतल्या साहेबांची उतरंड मोठी. ते ऑम्लेट खालच्याकडून वरच्याकडे, त्याच्याकडून आणखी वरच्याकडे असं पायरीपायरीने चढत जातं आणि त्याच क्रमाने एकेक साहेब आडवा पडतो. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेले आमचे एक सभासद आजोबा हे पान नातवाला वाचून दाखवताना इतके हसले की नातू त्यांच्याकडेच बघत बसला. शेवटी मोहीम कोणाच्या गळ्यात? डोनाल्ड आणि तीन भाच्यांच्या.

मग धुकं येतं. इथे पुस्तक जरा डोळ्यांजवळ धरा. चौकटीमागून चौकट पांढरी-करडी होत जाते, माणसं नुसत्या रेषा उरतात, आणि हास्यकथा वाचतोय हे मूल दोन पानं विसरतं. धुक्यापलीकडे चौकोनी घरांचं, चौकोनी माणसांचं एक गाव आहे. तिथे कोणतीही गोल वस्तू बनवणं हा गुन्हा, आणि भाचे तर बबलगमचे फुगे फुगवणारे. पुढे सांगत नाही. शेवटचं पान तर अजिबात सांगणार नाही. पोल्ट्रीवाल्याला हसू आधी येईल एवढंच म्हणतो, आणि कोंबड्यांचे हे हाल बार्क्सला कुठून सुचले असतील याचा तर्क तुम्हीच करा. तो पेरूला कधी गेला नव्हता. डोंगर, पडके अवशेष, लामा हे सगळं ‘नॅशनल जिओग्राफिक’चे अंक समोर ठेवून काढलेलं.

दुसरा पर्याय स्क्रूजचा. ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ या खंडात स्क्रूजच्या स्वतंत्र नियतकालिकाचे अगदी सुरुवातीचे, १९५२ ते १९५४चे अंक आहेत. पैशांत सूर मारणारा, उंदरासारखा नाण्यांतून बिळं करणारा म्हातारा तुम्ही टीव्हीवर पाहिलाय तो मूळचा इथला. याच खंडातली ‘ट्राला ला’ ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाबरोबर जरूर वाचा. पैशाच्या कटकटीला वैतागून स्क्रूज हिमालयातल्या अशा एका दरीत जातो जिथे पैसा म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नाही. सोबत डोकं शांत राहावं म्हणून औषधाच्या बाटल्या. त्यातल्या एका बाटलीचं पत्र्याचं बूच एका शेतकऱ्याला सापडतं. असं दुसरं दरीत कोणाकडे नाही! झालं, बुचाला भाव चढतो, लोक गुरंढोरं देऊन बूच मागायला लागतात. भाव पाडायचा म्हणून स्क्रूज विमानाने बुचं टाकायला सांगतो, तीही थोडीथोडकी नाहीत, आणि मग जे होतं ते अर्थशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाला इतकं मजेत सांगता आलेलं नाही. मी हे शिकवण म्हणून सांगत नाही. मुलं बुचांनाच हसतात आणि ते पुरेसं आहे.

सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र या लांब गोष्टी आधी काढू नका. खंडाची मांडणी साधारण अशी असते: आधी दोन-चार लांब साहसकथा, मग मासिकातल्या दहापानी गोष्टी, मग एकेका पानाचे विनोद, आणि शेवटी अभ्यासकांच्या टिपा. तुम्ही मधूनच सुरू करा. दहापानी गोष्ट झोपायच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत बसते. ती बहुतेक घरातच घडते. डोनाल्ड कसल्या तरी हट्टाला पेटतो, भाचे आधीच सांगतात की हे अंगाशी येणार, आणि दहाव्या पानावर ते येतंच. सहा वर्षांच्या मुलाला हा मामला लगेच कळतो, कारण मोठ्यांचं चुकतं हे त्याला घरात रोज दिसत असतं.

यातल्या दोन गोष्टी अनुक्रमणिकेत दिसल्या तर तो खंड डोळे झाकून घ्या. ‘अ फायनान्शियल फेबल’ (१९५१) मध्ये वावटळीने स्क्रूजचा पैसा गावभर उडतो. सगळे लखपती होतात, कामं सोडतात, आणि कोबी पिकवणारा एकटा स्क्रूज उरतो. ‘स्टॅच्युएस्क स्पेंडथ्रिफ्ट्स’ (१९५२) मध्ये स्क्रूज आणि हाउडुयुस्तान नावाच्या राज्याचा महाराजा, गावाच्या संस्थापकाचा पुतळा कोणाचा जास्त उंच यावरून एकमेकांना दिवाळखोर करायला निघतात. पुतळ्यांच्या उंचीवरची ही गोष्ट आपल्याकडे वाचताना मोठी माणसं जरा जास्तच मन लावून वाचतात.

वाचून कसं दाखवायचं, हेही विचारलंय. इंग्रजीतून शब्दन् शब्द वाचू नका, चित्रावर बोट ठेवून तुमच्या मराठीत सांगत जा. बार्क्सचं पान चार ओळींचं, साधारण आठ चौकटींचं. प्रत्येक ओळीत काय घडतंय हे शब्द झाकले तरी कळतं. डोनाल्डच्या भुवया आणि चोच बघितली की तो खोटं बोलतोय की घाबरलाय ते सहा वर्षांचं मूल सांगतं. मोठा भाऊ किंवा बहीण इंग्रजी वाचणारी असेल तर संवादांचे फुगे तिला वाचू द्या, अर्थ तुम्ही सांगा. परदेशातल्या मराठी घरांत याच्या उलट चालतं असं आमचे बाहेर गेलेले सभासद सांगतात. तिथे नातू इंग्रजी वाचतो, आजी मराठीत विचारते आणि गोष्ट दुप्पट लांबते.

आता छपाई. पुनर्मुद्रण म्हणजे जुनं पान स्कॅन करून छापणं नव्हे. बार्क्स फक्त काळ्या शाईतलं चित्र द्यायचा. रंग प्रकाशकाकडचे लोक भरायचे, आणि ते न्यूजप्रिंटवर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटायचे. मूळ चित्रं बहुतेक नष्ट झाली, त्यामुळे आजचा संपादक जुन्या निगेटिव्ह किंवा छापील अंकांवरून काळी रेषा साफ करून घेतो आणि रंग नव्याने भरतो. इथेच चांगलं आणि वाईट वेगळं होतं. काही आवृत्त्यांत संगणकावर छटा ओतून डोनाल्डच्या गालाला फुग्यासारखी गोलाई आणलेली दिसेल, कागद चकचकीत, वरचा दिवा पानात दिसतोय. ते टाळा. रंग सपाट हवेत, रेषा काळीभोर हवी आणि कागद मॅट हवा. फँटाग्राफिक्सने जुन्या अंकांचे रंग समोर ठेवून तसंच केलं आहे, आणि आकारही जुन्या मासिकाच्या जवळपास ठेवला आहे. आकाराला महत्त्व द्या. टिनटिनची तीन-तीन गोष्टींची छोटी पक्की पुस्तकं कपाटात सुरेख दिसतात, पण अक्षर इतकं बारीक की आजोबा दोन पानांत चष्मा काढून ठेवतात. मग ‘सगळ्यांनी मिळून’ वाचणं तिथेच संपतं.

१९८०च्या दशकात बार्क्सचं सगळं काम ३० मोठ्या खंडांत बहुतांशी कृष्णधवल छापलं गेलं होतं. संग्राहकांसाठी तो खजिना आहे, मुलांसाठी नाही. कोणी जुना संच विकत असेल तर मोहात पडू नका.

काटछाटीचंही बघा. १९५३च्या ‘बॅक टू द क्लॉन्डाइक’मध्ये तरुण स्क्रूजची दारूच्या गुत्त्यातली हाणामारी आणि गोल्डी नावाच्या बाईबरोबरचा प्रसंग होता. मुलांच्या कॉमिकमध्ये हे कसलं, म्हणून तेव्हाच्या संपादकाने पानं काढून टाकली. पुढे ती बहुतेक सापडली, आणि आताच्या संग्रहात जागेवर आहेत. ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’मध्येच ही गोष्ट आहे. ती पानं असताना स्क्रूज नुसता चिक्कू म्हातारा राहत नाही. त्यालाही कोणीतरी आवडली होती आणि त्याने ते कोणाला कळू दिलं नाही, हे दहा वर्षांच्या मुलीला माझ्याआधी कळलेलं मी पाहिलंय.

तुमची शेवटची शंका रास्त आहे. ही १९४०-५०च्या अमेरिकेतली कॉमिक्स आहेत. आफ्रिकी, चिनी, आदिवासी माणसं बऱ्याचदा जाड ओठांची, भोळसट, विनोदापुरती काढलेली आहेत. मी सुचवलेल्या अँडीजच्या खंडातच ‘वूडू हूडू’ नावाची १९४९ची गोष्ट आहे, तिच्यात बॉम्बी नावाचा झोंबी आहे आणि ती चित्रं आज बघवत नाहीत. बदकांच्या कॉमिक्समधला बार्क्सचा सगळ्यात मोठा वारस, चित्रकार डॉन रोझा, याने पुढे हेच पात्र आपल्या गोष्टींत घेतलं. २०२३मध्ये डिस्नेने त्याच्या दोन गोष्टी यापुढे छापायच्या नाहीत असं ठरवलं ते याच पात्रामुळे. माझं मत विचाराल तर पुस्तक टाळू नका, पण ही गोष्ट मुलांनी एकट्याने वाचायच्या आधी तुम्ही स्वतः वाचा. सहा वर्षांच्या मुलासाठी ती पानं सरळ उलटा. दहा वर्षांच्या मुलाला विचारा, हा माणूस असा का काढला असेल. ती चर्चा पाचच मिनिटं चालते, पण चालते. आपल्याकडचे फेटेवाले महाराजेही याच पठडीतले आहेत, त्यामुळे उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही.

टीव्हीची आठवण घेऊन वाचायला बसाल तर एक-दोन धक्के बसतील, ते आधीच सांगून ठेवतो. ‘डकटेल्स’मध्ये डोनाल्ड नौदलात निघून जातो. इथे तोच मधोमध आहे. विमान पाडणारा लाँचपॅड आणि छोटी वेबी ही मालिकेसाठी केलेली पात्रं, बार्क्समध्ये ती सापडणार नाहीत. आणि १९४७च्या ‘ख्रिसमस ऑन बेअर माउंटन’मधला पहिला स्क्रूज तर तुम्हाला ओळखूही येणार नाही. एकलकोंडा, चिडका, मोठ्या घरात खुर्चीत बसून कुढणारा. म्हणून तो खंड पहिला घेऊ नका, नाव नाताळचं असलं तरी.

व्यवहाराचं थोडं. मूळ किंमत खंडाला २५ ते ३५ डॉलरच्या आसपास, पानं दोनशेच्या वर. भारतात आयात होऊन येईपर्यंत ती कधी दुप्पट वाटते, कधी अचानक उतरते, म्हणून घाई करू नका. नातेवाईक अमेरिकेतून येणार असतील तर त्यांच्या बॅगेत एक खंड सहज मावतो. दोन खंडांचे पेटीसंच भेट म्हणून बरे दिसतात, पण खरेदी करताना आत कोणते खंड आहेत ते वाचा, नाहीतर घरात आधीचाच परत यायचा. मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर कधीकधी जुने सुटे अंक मिळतात. ते जरूर उचला, स्वस्त असतात आणि मुलाच्या हातून फाटले तरी जीव कासावीस होत नाही.

टॅबलेटवरही ही पुस्तकं मिळतात. प्रवासात ठीक. पण एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय बंद ठेवा, कारण बार्क्स पान अर्ध्या-अर्ध्याने रचतो आणि गंमत वरच्या ओळीकडून खालच्या ओळीकडे पोचते. शिवाय टॅबलेटवर दोन मुलं एकाच वेळी नाक खुपसू शकत नाहीत, आणि भांडण ठरलेलं.

पुस्तक हातात आलं की मधलं पान उघडून बघा. पुस्तक आपण होऊन सपाट उघडं राहत असेल तर बहुधा सेक्शन शिलाई, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवलेले, आहे आणि ते टिकेल. करकर आवाज करून मिटत असेल तर नुसता गोंद. गोंदाचं पुस्तक पहिल्या दिवशीच जबरदस्तीने पूर्ण उघडू नका, नाहीतर पानं सुटी होतात. थोडं पुढून, थोडं मागून असं हळूहळू सैल करत जा. वरचं कागदी वेष्टण असेल तर ते काढून ठेवा, मुलं तेच आधी फाडतात.

दोन खंड झाले आणि अजून भूक असेल तर पुढे ‘अ ख्रिसमस फॉर शॅकटाउन’ आणि ‘द सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड’. दुसऱ्यातला गडगडत येणारा दगडी गोळा पाहून एखादा जुना साहसपट आठवेल, आणि हो, तो या कॉमिकनंतरचा आहे. त्यानंतर थोरल्यासाठी डॉन रोझाची ‘लाइफ अँड टाइम्स ऑफ स्क्रूज मॅकडक’. १९९२ ते १९९४मध्ये त्याने बार्क्सच्या गोष्टींत इकडेतिकडे पडलेले स्क्रूजच्या भूतकाळाचे उल्लेख वेचून बारा प्रकरणांचं चरित्र रचलं. चौकटी खचाखच भरलेल्या, मागे कोपऱ्यात वेगळेच विनोद चाललेले. धाकट्याला ती दाट वाटेल, दोन वर्षं थांबा. पण बार्क्स न वाचता रोझा वाचू नका. निम्मे संदर्भ हुकतात आणि मुलगा मला येऊन विचारतो की गोल्डी कोण.